जर्मनीत बाहेर जेवायचं तर दुपारी

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. सप्टेंबर २०२४ पासून हाच आकडा आहे. त्यातून आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास जातात. खोलीचं भाडं लाइपझिग किंवा खेम्निट्झसारख्या गावात साडेतीनशे-चारशे असतं, म्युनिकमध्ये सातशेच्या पुढे. म्हणजे म्युनिकला पार्टटाइम कामाशिवाय हिशेब जुळतच नाही. फोन, सेमिस्टरची फी, कपडे, एखादा प्रवास वजा केला की खाण्यापिण्याला दोन-अडीचशे युरो उरतात. घरी रांधणाऱ्या माणसाचा किराणा दीडशेत बसतो. राहिले ऐंशी. बाहेरचं सगळं खाणं, चहा-कॉफी आणि मित्रांचे वाढदिवस याच ऐंशी युरोंत बसवायचे आहेत.

ते बसतात, पण एका अटीवर. बाहेर जेवायचं ते दुपारी, आणि जेवणासोबत काय प्यायचं हे हॉटेलात शिरण्याआधीच ठरवून. काय खायचं हा प्रश्न त्यानंतरचा. जर्मनीत बिल फुगतं ते संध्याकाळच्या खुर्चीमुळे आणि पेल्यामुळे.

आणखी एक सवय लवकर लावून घ्यावी. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण युरोला शंभराहून अधिकने गुणतो आणि आठशे रुपयांचा रोल बघून उपाशी परततो. त्यापेक्षा कामाच्या तासांत मोजा. जानेवारी २०२६ पासून तिथलं किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. मेन्सातलं, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयातलं, जेवण म्हणजे वीस मिनिटांचं काम, डोनर (मांस भरलेला तुर्की रोल) म्हणजे अर्ध्या तासाचं आणि संध्याकाळचं साधं जेवण म्हणजे पावणेदोन तासांचं. या मापाने परवडतं काय आणि नाही काय, ते लगेच कळतं. (पुढचे दर मोठ्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. पूर्वेकडच्या छोट्या गावांत थोडे कमी धरा, म्युनिक-फ्रँकफुर्टला थोडे जास्त.)

बिल फुगतं कुठे

संध्याकाळी एखाद्या साध्या जर्मन किंवा इटालियन हॉटेलात बसलात असं धरू. मुख्य पदार्थ साडेसोळा युरो. वेटर मेनू देताना पहिला प्रश्न पिण्याचा विचारतो. तुम्ही पाणी म्हणता आणि तो बाटली आणतो. पाऊण लिटरची ती बाटली सहा-सात युरोंची. एकट्याने छोटी घेतली तरी साडेतीन. त्यावर एखादा ज्यूस किंवा कोला घेतला तर आणखी चार. उठताना टिप धरली की पंचवीस-सव्वीस युरो झाले, आणि खाल्लेला पदार्थ एकच.

नळाचं पाणी तिथे उत्तम असतं, पण ते फुकट द्यायचं बंधन जर्मन हॉटेलांवर नाही. फ्रान्समध्ये जेवणासोबत पाण्याची सुरई मागायचा हक्क आहे, तो जर्मनीत येऊन बजावू नये. तरी विचारायला हरकत नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए-वनला हॉटेलातल्या संवादाचा धडा घोकलेला असतोच, त्यात एक वाक्य आपल्यातर्फे घालून घ्या: ‘आइन ग्लास लाइटुंग्सवासर, बिटं.’ दुसरं एखादं पेय मागवलं असेल तर बहुतेक ठिकाणी हा पेला आनंदाने मिळतो. नुसताच मागितला तर कुठे नकार येतो, कुठे बिलात एखादा युरो लागतो. तो युरो द्यावा. बाटलीपेक्षा स्वस्तच आहे.

याबाबतीत एक कायदा तुमच्या बाजूचा आहे. जर्मनीच्या उपाहारगृह कायद्याच्या कलम ६ नुसार जिथे दारू मिळते तिथे निदान एक बिनदारूचं पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये आणि ही तुलना लिटरच्या भावानेही करायची असते. लोक गमतीने त्याला ‘सफरचंदाच्या रसाचं कलम’ म्हणतात. म्हणून मेनूचं पेयांचं पान खालून वर वाचा. तिथे कुठेतरी अर्ध्या लिटरचं, भावाने बेताचं काहीतरी असतं. बहुधा ते ॲपफेलशोर्ले निघतं, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. ०.२ लिटरचा पेला कधीच घेऊ नये. तो तीन घोटांत संपतो, मग दुसरा लागतो आणि दोन छोटे मिळून एका मोठ्याला मागे टाकतात.

कराचं थोडक्यात. बसून खाल्लेल्या अन्नावरचा मूल्यवर्धित कर करोनाच्या काळात १९ टक्क्यांवरून ७ वर आणला होता. जानेवारी २०२४ ला तो पुन्हा १९ झाला आणि जानेवारी २०२६ पासून परत ७. पेयांवर मात्र १९ टक्केच राहिला. कर उतरला म्हणून दर उतरवायची सक्ती हॉटेलांवर नव्हती, तेव्हा मेनूवर फार काही शोधू नका. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की मेनूवरचा आकडा करासकट असतो. खाली वेगळा सर्व्हिस चार्जही सहसा चढत नाही. शिवाय दरपत्रक हॉटेलाच्या दाराबाहेर लावायचं कायद्याने बंधन आहे. दाराबाहेरची ती काचेची पेटी वाचल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर उभं राहून मेनू वाचणारा तिथे कोणाला कंजूस वाटत नाही, जर्मन माणूस स्वतः तेच करतो.

बव्हेरियात एक सापळा टेबलावरच ठेवलेला असतो. ब्रेत्झेल या पिळाच्या खारट पावाची टोपली. ती आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखी नाही. उठताना वेटर किती खाल्ले ते विचारतो आणि नगाप्रमाणे पैसे लावतो.

मेन्सा

विद्यार्थ्याला जर्मनीत मिळणारी सर्वांत मोठी सवलत कुठली, असं विचारलं तर मी रेल्वेच्या पासाआधी मेन्साचं नाव घेईन. विद्यापीठांची ही भोजनालयं श्टुडिरेंडेनवेर्क नावाच्या सार्वजनिक संस्था चालवतात. देशभरात अशा ५७ आहेत. सेमिस्टरच्या फीमधला काही भाग यांनाच जातो. म्हणजे मेन्सात न जेवणारा विद्यार्थीसुद्धा मेन्साला पैसे देतच असतो.

तिथे एकाच ताटाला तीन दर असतात: विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणा. विद्यार्थ्याला तीन ते पाच युरोंत जे मिळतं, त्याला पाहुण्याला जवळपास दुप्पट मोजावे लागतात. नावनोंदणी झाल्या झाल्या कार्ड घ्या. बऱ्याच ठिकाणी रोख चालत नाही, आणि कार्ड नसेल तर विद्यार्थी असूनही पाहुण्याचा दर लागू शकतो. कार्डासाठी काही ठिकाणी अनामत घेतात. गाव सोडताना कार्ड परत करून ती वसूल करा. उरलेली शिल्लकही तेव्हाच मागून घ्या.

जेवणाची वेळ साधारण अकरा ते अडीच. आपल्या दीडच्या जेवणाच्या सवयीने गेलात तर दीड वाजेपर्यंत स्वस्त पदार्थ संपलेला असतो आणि महागडा तेवढा उरलेला असतो. बारा वाजता गर्दी उसळते. पावणेबाराला जाणारा सुखी. शुक्रवारी काही ठिकाणी लवकर बंद होतं, आणि सुट्टीच्या महिन्यांत बऱ्याच मेन्सा वेळ कमी करतात किंवा बंदच ठेवतात. तेव्हा ऑगस्ट आणि मार्चचं बजेट वेगळं धरावं लागतं.

ताटातलं काय मोजलं जातं ते आधी बघून घ्या. काही मेन्सांत ठरलेल्या पदार्थासोबत एक-दोन जोडपदार्थ धरलेले असतात, काही ठिकाणी प्रत्येक वाटी वेगळी. म्युनिकसारख्या ठिकाणी काही काउंटरवर वजनाने पैसे लागतात. वजनाच्या काउंटरवर उकडलेला बटाटा, पातळ रस्सा आणि पास्ता महागात जातात, कारण पैसे पाण्याचे आणि पिठाचे पडतात. घरी बटाटा स्वस्तच आहे, तो तिथे कशाला घ्यायचा? फलाफल, डाळींचे कबाब, भाजलेल्या भाज्या, पनीरसारखं काही असेल तर ते उचला. पाण्याचे नळ बहुतेक मेन्सांत असतात. आपली बाटली न्या.

शाकाहाऱ्यांसाठी परिस्थिती आता पुष्कळच सुधारली आहे. बर्लिनच्या मेन्सांनी तर २०२१ च्या हिवाळी सत्रापासून जवळजवळ सगळा मेनू शाकाहारी आणि व्हीगन केला, मांस आणि मासे मिळून चार टक्क्यांच्या आसपास उरले. बाकी शहरांतही रोज एक तरी व्हीगन ताट असतंच आणि बहुधा तेच सर्वांत स्वस्त असतं. मेनूवर पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरं आणि आकडे असतात. खाली त्यांची यादी दिलेली असते: डुकराचं मांस, गोमांस, मद्य, जिलेटिन, अंडी. पहिल्या आठवड्यात ती यादी फोनमध्ये साठवून ठेवा. रश्शात वाइन आणि पुडिंगमध्ये जिलेटिन हे दोन पाहुणे न सांगता येतात.

आणि गोड जेवणाला बिचकू नका. आठवड्यातून एखाद दिवशी मुख्य जेवण म्हणून दूधभात दालचिनी-साखर घालून येतो, नाहीतर व्हॅनिला सॉसमध्ये बुडालेला गेर्मक्नोडेल नावाचा भलामोठा वाफवलेला गोळा. आत आलुबुखाराच्या मुरंब्याचं सारण, वर खसखस. पहिल्यांदा हा जेवणाचा अपमान वाटतो. पोट मात्र संध्याकाळपर्यंत तक्रार करत नाही, आणि दरही खालचाच असतो.

दुपारचं हॉटेल

कॉलेज संपून नोकरी लागली की मेन्साचा स्वस्त दर जातो. मग आधार मिट्टाग्सटिशचा. सोमवार ते शुक्रवार, साडेअकरा ते अडीच या वेळेत छोटी-मोठी हॉटेलं मोजके पदार्थ कमी दरात देतात. नऊ ते तेरा युरो. संध्याकाळी तोच पदार्थ चौदा-अठराला असतो. व्हिएतनामी आणि थाई हॉटेलांत त्यात बऱ्याचदा सूप किंवा छोटा रोल येतो. दुपारी पेय घेण्याचा आग्रहही कमी असतो, कारण वेटरला टेबल लवकर रिकामं हवं असतं. तुम्हालाही तेच हवं आहे.

भारतीय हॉटेलांना हा नियम सर्वांत जास्त लागू. संध्याकाळी डाळ किंवा पनीर तेरा ते अठरा, नान साडेतीन-चार, लस्सी पाच. भात बहुतेक ठिकाणी भाजीच्या दरातच असतो. हे लक्षात ठेवलं तर नानची गरज उरत नाही. दुपारी तेच सगळं दहा-अकरा युरोंत, शिवाय कोशिंबिरीसारखं काहीतरी. पण खरं सांगायचं तर घरी कुकर लावता येत असेल तर डाळीसाठी पंधरा युरो मोजण्यात काही अर्थ नाही. क्रीम घातलेली गोडसर डाळ खाऊन घरची आठवण मिटत नाही, उलट वाढते. बाहेरचे पैसे जे घरी जमत नाही त्यावर खर्च करावेत.

त्या दृष्टीने तुर्की हॉटेलं माझ्या यादीत सर्वांत वर. मर्जिमेक चोर्बासी हे मसुराच्या डाळीचं सूप पाच युरोंच्या आसपास मिळतं, लिंबाची फोड आणि ब्रेडची टोपली सोबत, आणि ब्रेडचे पैसे सहसा वेगळे लागत नाहीत. थंडीच्या दिवसांत यापेक्षा भरवशाचं जेवण नाही. मात्र हेच सूप जर्मन हॉटेलात मागू नका. तिथल्या लिन्झेनझुपेत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सॉसेज असतंच असं धरून चाला. जर्मन स्वयंपाकात श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे, परतलेल्या बटाट्यांत, फ्लामकुखन नावाच्या पातळ पिझ्झासारख्या पदार्थावर, अगदी कोबीच्या कोशिंबिरीतसुद्धा शिरतात. ‘ओनं फ्लाइश’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून भागत नाही. ‘ओनं श्पेक’ वेगळं सांगावं लागतं. भरवशाचे पदार्थ चार: केझेश्पेत्झले (चीजमध्ये घोळलेले नूडल्स), बटाट्याचे थालीपिठासारखे पुफर सफरचंदाच्या गरासोबत, भट्टीतला बटाटा दह्यासारख्या क्वार्कसोबत, आणि अळंब्यांच्या सॉसमधले क्नोडेल. पहिल्यात परतलेला कांदा आणि चीज इतकं असतं की एक ताट दोघांत पुरतं. वेटरला रिकामी ताटली मागितली तर तो देतो.

उभ्याने

डोनर हा जर्मनीचा महागाई निर्देशांक आहे असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. विद्यार्थी साडेतीन-चार युरोंत पोट भरत होते तो काळ फार जुना नाही. आता सात-आठ युरो हा नेहमीचा भाव. २०२४ मध्ये डी लिंके या डाव्या पक्षाने डोनरच्या किमतीला सरकारने ४.९० युरोंची मर्यादा घालावी, विद्यार्थ्यांना तो २.९० ला मिळावा, अशी मागणी केली. तत्कालीन चान्सेलर ओलाफ शोल्झ यांनाही तरुण मुलं सभांतून डोनरचा भाव विचारत. मर्यादा काही आली नाही.

सात युरोंत तो आजही पोटभर आहे, दोन वेळा पुरेल इतका. पण काय खातो ते बघून घ्या. फिरत्या सळईवर बहुतेक ठिकाणी वासरू किंवा गाय असते आणि शेजारी कोंबडीची दुसरी सळई. गोमांस नको असेल तर ‘हेन्शन’ असं स्पष्ट सांगायचं. बर्लिनमधलं प्रसिद्ध गेम्युझे-केबाप हे भाज्या घातलेलं चिकन आहे, शाकाहारी नव्हे, यावर बरेच जण फसतात. शाकाहाऱ्यांनी फलाफल किंवा हलुमी चीज मागावं. फलाफलचा रोल डोनरपेक्षा युरोभर स्वस्त असतो. मोठ्या शहरांतल्या अरब दुकानांत तो आणखी चांगला मिळतो.

बेकरीत ब्रेत्झेल युरोभरात मिळतो. लोणी लावलेला दोनच्या आसपास, चीज-काकडी भरलेला ब्रेड चारच्या. एक ब्रेत्झेल आणि घरून आणलेलं सफरचंद ही प्रवासातली न्याहारी. भरलेला ब्रेड मात्र रोज घेऊ नका. महिन्याला वीस दिवस चार युरो म्हणजे ऐंशी, आपलं सगळं बजेट सकाळच्या दहाच्या भुकेतच संपलं. बंद होण्याआधीच्या अर्ध्या तासात कित्येक बेकऱ्या दर उतरवतात. काही ठिकाणी आदल्या दिवशीचा ब्रेड निम्म्या किमतीत वेगळा ठेवतात. जर्मन ब्रेड दुसऱ्या दिवशीही चांगला असतो.

टू गुड टू गो हे २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं ॲप जर्मनीत घराघरात आहे. बंद होताना उरलेलं अन्न पिशवीत भरून चार-पाच युरोंत देतात, आत काय ते आधी कळत नाही. बेकरीच्या पिशवीत धोका कमी. हॉटेलच्या बुफेची पिशवी शाकाहाऱ्याने ‘व्हेजिटारिश’ खूण बघूनच घ्यावी. आणि एकट्याने बेकरीची पिशवी आठवड्यातून दोनदा घेतली तर फ्रीजरमध्ये पावाशिवाय काही मावत नाही.

घरपोच मागवणं या बजेटात बसतच नाही. किमान ऑर्डर, पोचवण्याचे पैसे, टिप, आणि बऱ्याचदा ॲपवरचे दर दुकानातल्यापेक्षा चढे. ॲपवर मेनू बघा, फोन करा आणि चालत जाऊन घेऊन या.

डबा घेऊन हॉटेलात

आपल्या माणसाला सर्वांत आवडेल अशी एक जागा बव्हेरियात आहे आणि नव्याने आलेले बरेच विद्यार्थी दारूचं ठिकाण म्हणून तिकडे फिरकतच नाहीत. पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं घेऊन जाता येतं. नुसतं चालतं असं नाही, तो हक्क आहे. १८१२ मध्ये राजा मॅक्सिमिलियन पहिला याने म्युनिकच्या बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांशेजारी बिअर विकायची मुभा दिली, पण खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून ब्रेडखेरीज जेवण विकायला बंदी घातली. लोक मग शिदोरी बांधून येऊ लागले. पुढे बंदी गेली, शिदोरी राहिली. १९९५ मध्ये एका बिअर गार्डनच्या बंद करण्याच्या वेळेवरून म्युनिकमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला आणि अखेर १९९९ च्या बव्हेरियन बिअर गार्डन नियमावलीत घरचं खाणं आणण्याची मुभा हे या जागेचं लक्षणच म्हणून नोंदलं गेलं.

म्हणजे जुलैच्या संध्याकाळी म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली किंवा हिर्शगार्टनमध्ये चेस्टनटच्या झाडाखाली बसून पोळीभाजीचा डबा उघडला तर कोणी भुवई उंचावत नाही. शेजारच्या टेबलावर आजी-आजोबांनी टेबलक्लॉथ पसरून चीज, मुळा आणि ब्रेड मांडलेला असतो. नियम दोनच. पेय तिथलंच घ्यायचं, आणि टेबलक्लॉथ अंथरलेल्या, वेटर फिरणाऱ्या भागात बसायचं नाही. साध्या लाकडी बाकांच्या भागात बसायचं. अर्धा लिटर शोर्ले पाच युरोंच्या आत-बाहेर. पेल्यावर अनामत असेल तर उठताना परत. संध्याकाळी चार तास बाहेर बसायला याहून स्वस्त जागा मला त्या देशात ठाऊक नाही. वर सांगितलेल्या दुपारच्या नियमाला हा एकच अपवाद. आणि बव्हेरियाबाहेर हे गृहीत धरू नका. हॅम्बुर्गमध्ये डबा काढलात तर उठवतील.

डब्याचा दुसरा उपयोग पार्सलला. जानेवारी २०२३ पासून तयार अन्न बांधून देणाऱ्या हॉटेलांना परत वापरता येणाऱ्या डब्यांचा पर्याय द्यावाच लागतो आणि त्यासाठी पदार्थाचा दर वाढवता येत नाही. अनामत घेता येते. रीबाउलसारख्या पद्धतीत ती वाटीमागे पाच युरो असते आणि वाटी दिली की परत मिळते. पाच किंवा त्याहून कमी माणसं आणि ऐंशी चौरस मीटरपर्यंत जागा असलेल्या छोट्या दुकानांना हा पर्याय ठेवायची सक्ती नाही, पण गिऱ्हाइकाने आणलेल्या डब्यात अन्न भरून द्यायची आहे. स्टीलचा डबा पुढे करताना संकोच नको, कायदाच तसा आहे. ट्युबिंगनमध्ये तर याचे रोकडे पैसे वाचतात. तिथे २०२२ पासून एकदाच वापरायच्या डब्या-कपावर ५० सेंट आणि चमच्या-काट्यांवर २० सेंट पालिकेचा कर आहे, जो दुकानदार साहजिकच बिलात चढवतो. हा कर वैध ठरवणारा घटनात्मक न्यायालयाचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. त्याच महिन्यापासून कोन्स्टान्झमध्येही तो लागू झाला.

बाटल्या-कॅनवरची अनामत आता सगळ्यांना पाठ असते: एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट. ख्रिसमसच्या बाजारात मात्र लोक गोंधळतात. मसाल्याची गरम वाइन किंवा मुलांचं बिनदारूचं पुन्श पाच युरोंना म्हणून घेतलं आणि आठ-नऊ मागितले, तर वरचे पैसे मगाच्या अनामतीचे आहेत. तो मग परत करा. गोड दिसतो म्हणून तो घरी नेणारे नकळत तीन-चार युरोंचं भांडं विकत घेतात.

चौघांत बसल्यावर

मित्रांसोबत गेल्यावर बिल सारखं वाटायची आपली पद्धत ऐंशी युरोंच्या माणसाला मारक ठरते. सुदैवाने तिथे ती रीत नाही. पैसे घेताना वेटर स्वतःच विचारतो, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ एकत्र की वेगळं. ‘गेट्रेन्ट’ म्हणायचं, मग तो प्रत्येकाकडे वळून काय खाल्लं ते विचारून हिशेब करतो. यात कमीपणा काही नाही. उलट आपल्याच मित्रमंडळींत सुरुवातीला अवघड जातं. ‘असू दे रे, पुढच्या वेळी तू दे’ म्हणणाऱ्या दादाची पुढची वेळ नेमकी स्टेकहाउसमध्ये येते. पहिल्या जेवणालाच वेगळं करा, पुढे कोणी विचारत नाही. वाढदिवसाला मात्र तिथली चाल वेगळी. ज्याचा वाढदिवस तोच खर्च करतो. आपला वाढदिवस असेल तर घरी मिसळ करून बोलवा, चाळीस युरोंत दहा जण जेवतात.

टिप ऐच्छिक आहे. टेबलावर येऊन वाढत असतील तर पाच ते दहा टक्के, तीही आकडा गोल करून. बिल १८.४० झालं तर वीसची नोट देऊन ‘श्टिम्ट झो’ म्हणायचं, म्हणजे सुटे नकोत. टिप टेबलावर ठेवून जात नाहीत, पैसे देतानाच सांगतात. हल्ली कार्डाचं यंत्र १०, १५, २० टक्के असे पर्याय दाखवतं. काउंटरवरून आपणच ताट उचललं असेल तर खालचं ‘टिप नको’ दाबा. मागचा माणूस बघत असला तरी दाबा. आणि खिशात वीस युरोंची नोट ठेवा. ‘नुर बारत्सालुंग’, फक्त रोख, अशी पाटी छोट्या टपऱ्यांवर अजूनही असते, आणि कार्ड चालत असलं तरी काही ठिकाणी फक्त जर्मन बँकेचं चालतं.

पोटभर खा, एकच दर, अशी सुशीची किंवा चिनी हॉटेलं गटाला मोहात पाडतात. दुपारी ती पंधरा-वीस युरोंत जमतात, संध्याकाळी तीसपर्यंत जातात. वेळेची मर्यादा असते, ताटात टाकलेल्याचे वेगळे पैसे लावतात आणि पेयं या दरात नसतात. तीन महिन्यांतून एकदा, दुपारीच.

रविवार आणि रस्ता

रविवारी दुकानं बंद. किराणा शनिवारी रात्रीपर्यंत घेतला नाही तर रविवार हॉटेलातच जातो आणि तो आठवड्यातला सर्वांत महागडा दिवस, कारण दुपारचे स्वस्त मेनू शनिवार-रविवारी नसतात. अडचणीत मोठ्या रेल्वे स्टेशनमधली सुपरमार्केटं उघडी असतात. गर्दी असते, पण दहीभाताचं सामान मिळतं. फ्रँकफुर्ट, कोलोन, म्युनिक, हॅम्बुर्गमध्ये गुरुद्वारे आहेत आणि रविवारच्या लंगरात कोणालाही वाढतात. गेलात तर नंतर भांडी घासायला थांबा. महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीचं आणि दिवाळीचं जेवण बहुधा तिकिटावर असतं, सभासद आणि विद्यार्थ्यांना सवलत असते का ते आधी विचारा. या जेवणाला पैसे जास्त पडले तरी मी ते ऐंशींतून काढायचं समर्थन करेन. पुरणपोळी एकट्यासाठी कोणी करत नाही.

बसने किंवा मित्राच्या गाडीने जाताना ऑटोबानच्या कडेची विश्रांतिस्थळं शक्यतो टाळा. तिथे साधं सँडविचही शहरापेक्षा चढ्या दराने मिळतं. एक्झिट घेऊन जरा बाहेर पडलं की ऑटोहोफ लागतात, ट्रकवाल्यांची ठिकाणं. तिथलं जेवण त्यामानाने स्वस्त आणि भरपेट. विश्रांतिस्थळावर थांबावंच लागलं तर सॅनिफेअरच्या स्वच्छतागृहाचा एक युरो लागतो आणि त्या बदल्यात एक युरोचं कूपन मिळतं. ते तिथल्याच दुकानात कॉफीला वापरता येतं. चौघांची चार कूपनं एकालाच एका कॉफीवर चालतील असं नाही, तेव्हा काउंटरवर आधी विचारून मगच ऑर्डर द्या.